मोटारीच्या पोटाखाली

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता अंबादास डायव्हरने मोटारखान्याचं दार उघडलं आणि रोजच्यासारखी आधी वाकून जमीन पाहिली. बाकीची माणसं उठल्यावर आपले तळहात बघतात, हा बाबा मोटारीखालची फरशी बघायचा. तीन वर्षांत त्या फरशीवर तेलाचा ठिपका म्हणून सापडला नव्हता. आज मात्र इंजिनाच्या बरोबर खाली चांगलं थाळीएवढं काळं तळं साचलं होतं, आणि वरून अजून थेंब पडतच होते.

अंबादासने त्यात बोट बुडवून नाकाशी नेलं. ही मोटार म्हणजे त्याची भाकरी, डोक्यावरचं छप्पर, अब्रू, सगळं होतं. मध्यप्रांत आणि वऱ्हाड एका लाटसाहेबाखाली होते त्या काळातली ही गोष्ट. जबलपुरात स्वतःची मोटार असलेले वकील मोजकेच होते, आणि नेपियर टाउनातले भय्यासाहेब त्यांतले एक. घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, आता अस्सल जबलपुरी झालेलं. अंबादास मात्र अमरावतीकडचा. तिथे एका शेटजीची गाडी चालवायचा. कोणीतरी टाकीतलं पेट्रोल काढून विकलं आणि नाव आलं याच्यावर. एका सकाळीत नोकरी गेली. बायकोला, अंजनीला, घेऊन तो इथे आला तेव्हा भय्यासाहेबांनी बंगल्यामागची खोली दिली आणि एकच अट घातली, "गाडीला तुझ्या हलगर्जीपणाने धक्का लागला, तर मी पुन्हा बोलणार नाही. सामान उचलायचं."

त्या दिवसापासून अंबादासला जळीस्थळी चोर दिसायला लागले. रात्री टाकीत काठी बुडवून पेट्रोलाची खूण करून ठेवायचा. सकाळी पुन्हा बुडवून पाहायचा. जॅक ज्या गोणपाटाच्या पिशवीत असे तिला सुतळीची दुहेरी गाठ मारायचा, आणि गाठ नीट ओळखता यावी म्हणून तिचं एक टोक लांब ठेवायचा. शेजारच्या बंगल्याचा माळी मोटारखान्याकडे पाहून नुसता खाकरला तरी याला वाटायचं, काहीतरी इशारा देऊन राहिला. माणूस कामाला चोख होता, पण त्याच्याशी दोन शब्द बोलायचे म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहण्यासारखं होतं.

तर त्याने गोणपाट अंथरलं, कंदील लावला आणि उताणा होऊन मोटारीखाली शिरला. इंजिनाच्या तळाशी पत्र्याचं एक खोलगट ताट असतं, इंजिनाचं सारं तेल त्यात साठतं. मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. त्या चेंबरच्या मधोमध पोचा पडला होता आणि पोच्याच्या कडेला केसाएवढी चीर गेली होती. तेल तिथूनच येत होतं. रस्त्यावरचा दगड लागला असता तर पत्रा खरवडला असता. इथे ओरखडा एक नाही. पोचा गोल होता, आणि त्यात चार दात्यांचे चार ठसे उमटले होते.

ते चार दाते अंबादासने झोपेतही ओळखले असते. ते त्याच्या जॅकच्या डोक्यावरचे होते.

"बाप्पा बाप्पा," तो तिथेच पडल्या पडल्या म्हणाला. "कोन्हीतरी पोटाले जॅक लावला."

आता मोटार उचलणं हे काही पोतं उचलण्यासारखं नाही. अंबादास ते एखाद्या सोवळ्यातल्या भटजीसारखं करायचा. जमीन सपाट पाहिजे. हातब्रेक ओढलेला पाहिजे. जी चाकं खाली राहणार त्यांना पुढून-मागून विटा. जॅक भुईत रुतू नये म्हणून त्याच्याखाली फळी. आणि जॅकचं डोकं टेकवायचं ते आक्सलला, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या लोखंडी दांड्याला, चाकाजवळ, पोलादी पट्ट्यांची कमानी जिथे त्यावर बसते तिथे, मध्ये लाकडाची चकती घालून. तिथे लोखंड जाड असतं, साऱ्या गाडीचं वजन तसंही त्याच्यावरच असतं. चेंबर पडलं पातळ पत्र्याचं. त्याचं काम तेल धरण्याचं, गाडी पेलण्याचं नव्हे. तिथे जॅक लावणारा एक तर अडाणी पाहिजे, नाही तर हरामखोर.

अंबादासने लगेच ठरवलं, हरामखोर.

तो बाहेर आला आणि एकेक वस्तू तपासू लागला. जॅकची पिशवी जागेवर होती. गाठ दुहेरीच होती, टोकही लांब सोडलेलं होतं. पण गाठ त्याची नव्हती. त्याचं टोक डावीकडे असायचं, हे उजवीकडे होतं. जॅक काढून पाहिला तर स्वच्छ पुसलेला. अष्टमीच्या संध्याकाळी त्याने तो असा पुसून ठेवलाच नव्हता. कोपऱ्यातल्या विटांची थप्पी नीट होती, पण खालची वीट वर आली होती. फळीवर जॅकच्या बुडाचा ताजा वळ होता.

म्हणजे ज्याने हे केलं त्याने विटा लावल्या, फळी घातली, सगळं अगदी अंबादाससारखं केलं, पुन्हा सगळं जागच्या जागी ठेवलं आणि गाठही त्याच्यासारखीच मारली. फक्त जॅक लावला पोटाला. याचा अर्थ दुसरा काय होऊ शकतो? कोणीतरी महिनोन्‌महिने त्याच्यावर पाळत ठेवली होती, आणि नुकसान असं केलं होतं की बोट थेट अंबादासकडेच जावं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

केलं कधी? तेही उघड होतं. अष्टमीच्या संध्याकाळी त्याने स्वतः मोटार धुतली तेव्हा फरशी कोरडी होती. काल खांडेनवमी. मोटार हलायची नव्हती, तिची पूजा व्हायची होती. पाने, हातोडी, पकड हे त्याने सकाळीच खोलीत पाटावर मांडून ठेवलं होतं. मग झेंडू आणि नारळ आणायला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेला. बाराच्या आत येतो असं अंजनीला सांगून गेला, आणि तिथे भाऊराव मिस्त्रीने त्याला आपल्या कारखान्याच्या पूजेला बसवून घेतलं. पूजेनंतर भांगेचा लोटा फिरला. नाही-नाही म्हणत अंबादासने दोनदा घेतला. घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. मुहूर्त टळू नये म्हणून अंजनीने एकटीनेच मोटारीची पूजा उरकलेली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, दिव्यांना झेंडूची माळ, सगळं यथासांग. तोंडाला वास येईल या धास्तीने तो तिच्याशी न बोलता पांघरूण ओढून झोपला. मोटारीखाली वाकून बघायचं त्याला काल पहिल्यांदाच राहून गेलं होतं.

ही शेवटची गोष्ट त्याच्या मनात आली, पण तिच्याजवळ तो फार वेळ थांबला नाही. संशयी माणसाला स्वतःकडे बघायला सवड कुठली!

आता कोणी केलं? अंबादासच्या मनात नाव तयारच होतं. अच्युत. भय्यासाहेबांचा मेहुणा, शरयूबाईंचा धाकटा भाऊ, सिवनीचा. कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता आणि बहिणीकडे राहत होता. पोरगा वाईट नव्हता, पण मोटार शिकायचा त्याला ध्यास लागला होता. "अंबादास भैया, जरा एक बार हँडल मारू द्या ना." "अंबादास भैया, हा पेंच कशाचा?" हे रोजचं. अंबादासने त्याला तीन वर्षांत स्टिअरिंगला बोट लावू दिलं नव्हतं. शिकला तर हाच गाडी चालवेल, आणि मग घरात डायव्हर कशाला पाहिजे? इतका लांबचा हिशेब त्याने पहिल्याच आठवड्यात करून ठेवला होता.

तो तरातरा बंगल्याकडे निघाला. अच्युत विहिरीपाशी उभा राहून एक पांढरा सदरा साबणाने घासत होता. अंबादासची नजर सदऱ्याच्या बाहीवर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत काळं वंगण.

"हे काय होय?" अंबादासने विचारलं.

"हे? अरे, कल की बात..." अच्युत हसला. "दीदीला सांगू नका हं. नवा सदरा आहे."

"लपवून राहिले काहून मंग?"

"लपवत कुठे आहे? धुतोय."

"काल दिवसभर कुठी होते?"

अच्युतचं हसू गेलं. "तुम्हाला का सांगू? तुम्ही काय कोतवाल आहात?"

अंबादासला एवढं पुरलं. वंगण आहे, बहिणीपासून चोरून धुणं आहे, आणि विचारलं तर उत्तर नाही. त्याने अच्युतचं मनगट धरलं आणि ओल्या सदऱ्यासकट त्याला ओढत ओसरीवर आणलं. नोकरमाणसाने मालकाच्या मेहुण्याला असं ओढत आणणं नेपियर टाउनात कोणी पाहिलं नव्हतं. शेजारचा माळी कुंपणापाशी येऊन उभा राहिला. रस्त्यावरून जाणारा टांगाही थबकला.

भय्यासाहेब आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"साहेब," अंबादास इतक्या मोठ्याने बोलला की टांग्याच्या घोड्यानेही कान टवकारले, "या अच्युतबाबूनं मोटार फोडली! माह्या पाठीमागं मोटारखाना उघडला, जॅक काढला, चेंबरले लावला अन् पोचा पाडला. सारं तेल भुईवर आलं. वरून माह्यासारखी गाठ मारून ठेवली, का तुमी मले हाकलाल म्हणून! शिकलेला मानूस, अन् असा डाव खेळते?"

"जीजाजी, हे खोटं आहे!" अच्युतचा आवाज चिरकला. "मी मोटारखान्यात गेलोच नाही. काल दोस्तांबरोबर सायकलने नर्मदेवर ग्वारीघाटला गेलो होतो. रस्त्यात दोनदा चेन उतरली, हे त्याचं वंगण आहे. विचारा त्यांना."

"दोस्त काय, सांगितलं तसंच बोलनार!"

"अंबादास, हात सोड आधी त्याचा," भय्यासाहेब म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. वकिलाची हीच तर खोड, आवाज चढवायचा नाही. "जॅक पोटाला लागला आहे हे नक्की?"

"चार दाते उमटले आहेत साहेब. या तुमी, दाखवतो."

"तू लावला नाहीस?"

"मी?" अंबादासच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, त्यात नाटक नव्हतं. "माह्या लेकराले मी दगडावर आपटीन का, साहेब?"

"मग तुझं म्हणणं काय? मी काय करावं?"

इथे अंबादासला थांबायची जागा होती. अमरावतीची ती सकाळ त्याच्या डोक्यात भणभणत होती, आणि या खेपेला कोणाच्या तरी गळ्यात दोष बांधल्याशिवाय त्याला श्वास येणार नव्हता. तो म्हणाला, "ज्यानं हे केलं, त्यानं आज या कंपाउंडात पानी पिऊ नये. मंग तो कोन्ही असो. मालकाचा सोयरा असो नाही तर कोन्ही. आजच्या आज बाहेर."

"कोणी असो?"

"कोन्ही असो."

"अच्छा," भय्यासाहेब म्हणाले. "मान्य."

अच्युत पांढराफटक पडला. बहिणीच्या घरातून, सणाच्या दिवशी, चोरासारखं जायचं? त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून शरयूबाई तणतणत बाहेर आल्या. त्यांच्या हातात दोन पाट होते. बाहेर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. सकाळपासून त्या आणि अंजनी मागच्या सोप्यात पुरण वाटत बसल्या होत्या, आणि पाट्यावरवंट्याच्या आवाजात ढोल वाजला तरी कळलं नसतं.

"हे बघा," त्या भय्यासाहेबांना म्हणाल्या. "आपट्याची पूजा मांडायला पाट काढले, तर एकाला ही एवढी भेग! आणि दोन्हींवर हे काळे पट्टे कसले? राखेने घासले तरी निघेनात. अंजनी, अगं तूच काल पूजेला मागून नेले होतेस ना? यांवर काय मुसळ आपटलंस?"

अंजनी त्यांच्या मागोमाग आली होती. हाताला पुरण, कपाळावर घाम. पाटाची भेग बघून ती ओशाळली.

"बाईसाहेब, भेग मले दिसलीच नाही. मोटार बसवली होती त्याच्यावर."



"काय बसवली होती?" शरयूबाईंनी विचारलं.

"मोटार." अंजनीला यात नवल काय ते कळेना. "पूजा करायची तर खाली पाट नको? ह्यायचे पाने अन् हातोडी पाटावर बसले, अन् एवढी मोठी मोटार, जिच्या जिवावर आमी जेवतो, ते भुईवर? मले बरं नाही वाटलं. हे बारा वाजेपर्यंत येतो म्हणले, दोन वाजून गेले. म्हटलं, मुहूर्त टळून राहिला, आपनच करू. ह्यायचं पाहून पाहून मले सारं येते. विटा लावल्या, फळी घातली, जॅक ठेवला अन् दांडा फिरवत गेली."

"कुठे ठेवलास जॅक?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"मधात. हे एका बाजूले लावतात, तर एकच चाक उचलते. मंग एक पाय पाटावर अन् एक भुईवर, अशी पूजा कुठी होते साहेब? दोन्ही पाय एकदम वर आले पाहिजेत. खाली इंजिनापाशी ताटावानी सपाट जागा दिसली. म्हटलं, इथं बरा बसते." ती जराशी हसली. "हात भरून आले, पन उचलली. दोन्ही चाकं पाटावर घेतली, पूजा केली, मंग पुन्हा जॅकनंच उचलून पाट काढले अन् खाली घेतली. जॅकही पुसून ठेवला, त्यालेही कुंकू लावलं होतं ना. पिशवीची गाठही ह्यायच्यासारखीच मारली."

काय बाई म्हणावी! अख्खी मोटार एकटीने दोनदा उचलली, आणि सांगत होती अशा सुरात की जणू घागर उचलली. तिच्या बोलण्यात भीती नव्हती, कारण आपण काही मोडलं हे तिला माहीतच नव्हतं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. अच्युतच्या मनगटावर उमटलेली लाल बोटं पाहिली. कुंपणापाशी जमलेली माणसं पाहिली. तिचं हसू हळूहळू विरत गेलं.

"काय झालं जी?" तिने विचारलं.

उत्तर भय्यासाहेबांनीच दिलं. चेंबर फुटलं, तेल गेलं, अच्युतवर आळ आला, आणि ज्याने हे केलं त्याने आज या कंपाउंडात पाणी पिऊ नये असं अंबादास चारचौघांत म्हणाला, हे सगळं त्यांनी कोर्टात वाचून दाखवावं तसं सांगितलं. कमी केलं नाही, वाढवलंही नाही.

अंजनीने ऐकून घेतलं. पदराला हात पुसले. "असं म्हणले का हे?" मग ती शरयूबाईंच्या पाया पडली आणि ओसरीच्या पायऱ्या उतरून खोलीकडे चालू लागली.

"अवं, कुठी चालली?" अंबादास मागे धावला.

"बोचकं बांधाले. तुमी शब्द देला न साऱ्यायच्या देखत?"

"अवं, तो तुले नव्हता!"

ती थांबली. इतका वेळ धरलेला राग आता तिच्या डोळ्यांत उतरला. "मंग कोनाले होता? दुसऱ्याच्या लेकराले? सकाळपासून त्या जॅकले इचारलं, गाठीले इचारलं, या बाबूले फरफटत आनलं. मी चार पावलांवर पुरन वाटत होती. मले एक डाव येऊन इचारलं असतं का, अंजने, काल मोटारीपाशी कोन होतं? तर म्या तिथंच सांगतलं असतं. पन मले इचाराचं तुमच्या मनातही आलं नाही. बायको काय करू शकते, नाही का?"

अंबादास मान खाली घालून उभा राहिला. शरयूबाईंनी पुढे होऊन अंजनीचा हात धरला. "कुठे जात नाहीस तू. सणाची बोचकी बांधतेय!" आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तरी काही बोला."

भय्यासाहेबांनी चष्मा पुसला. "निकाल यानेच लावून घेतलाय, मी फक्त मान्य म्हणालो. तो फिरवायचा असेल तर रस्ता एकच आहे. अंबादास, जेवढ्या मोठ्याने आळ घेतलास तेवढ्याच मोठ्याने परत घे. इथेच, या सगळ्यांसमोर. आणि दुसरं. चार वाजता आमच्या मुलीला, वसुधाला, घेऊन आम्हाला राइट टाउनला बापूसाहेबांकडे सोनं द्यायला जायचंय. तिच्या लग्नाचं बोलणं आहे, टांग्याने जाणार नाही. चारला गाडी दारात लागली तर तुझी जागा तुझी. नाही लागली तर मात्र मला माझी पहिली अट आठवेल."

आळ परत घेणं अंबादासला मोटार खांद्यावर घेण्याहून जड गेलं. आयुष्यात त्याने कोणाची माफी मागितली नव्हती, कारण चूक नेहमी दुसऱ्याचीच असायची. तो अच्युतसमोर जाऊन उभा राहिला. पहिल्यांदा नुसतेच ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," अच्युत म्हणाला. त्याचे डोळे अजून लाल होते.

"अच्युतबाबू, मी चुकलो!" अंबादास ओरडलाच. कुंपणापाशी खसखस पिकली, तरी तो थांबला नाही. "तुमी काई केलं नाही. मी भांग पिऊन झोपलो, गाडीखाली पाहिलं नाही, अन् माह्या चुकीचं खापर तुमच्या डोक्यावर फोडलं. तुमच्यावर पहिल्या दिवसापासून मी उगाच डूक धरला. मले माफ करा."

माफ केलं असं काही अच्युत म्हणाला नाही. ओला सदरा त्याने दोरीवर वाळत टाकला आणि विचारलं, "गाडी चारपर्यंत होईल का?"

गाडी होणार कशी, हाच तर घोर होता. दसऱ्याच्या दिवशी जबलपुरातला एकही मिस्त्री पूजेतल्या हत्याराला संध्याकाळच्या आत हात लावणार नव्हता. भाऊराव तर शुद्धीवर असता तरी नाही म्हणाला असता. म्हणजे जे करायचं ते इथेच. अंबादासने खोलीतल्या पाटावरच्या पान्यांवर अक्षता टाकून हात जोडले आणि ते उचलले. चेंबर खोलायचं, पोचा आतून लाकडी हातोडीने ठोकून काढायचा, चिरेत साबणाची वडी घासून भरायची, वर कापडाची पट्टी डकवायची आणि डब्यातलं नवं तेल ओतायचं. राइट टाउनला जाऊन-येण्यापुरतं ते टिकलं असतं. पण चेंबर खोलायचं तर गाडी दोन्ही बाजूंनी उचलून तिच्याखाली पडावं लागतं, आणि गाडीखाली पडलेल्या माणसाला वरचं काहीच करता येत नाही. भाऊराव मदतीला नसेल तेव्हा हे काम अंबादास टाळायचाच. कोणाच्या भरवशावर त्याने मोटारीखाली मान घातली असती?

आज दोनच माणसं होती, अंजनी आणि अच्युत. दोघांशी तो तासाभरापूर्वी कसा वागला ते सगळ्या आळीने पाहिलं होतं.

"हे पहा," तो आक्सलवर बोट ठेवून म्हणाला. आवाज बराच खाली आला होता. "जॅक इथं बसते. कमानीच्या खाली, मधात लाकूड घालून. एक बाजू थोडी उचलायची, आक्सलखाली ठोकळा सरकवायचा. मंग दुसरी बाजू. मंग जॅक सैल करायचा, का वजन सारं ठोकळ्यावर आलं पाहिजे. जॅकच्या एकट्याच्या जिवावर खाली जायचं नाही, कधीच नाही."

अंजनीने नीट वाकून पाहिलं. "म्हणजे पोटाले हात लावायचा नाही."

"नाही."

"हे कधी सांगतलं असतं तर?"

त्याने जॅकचा दांडा तिच्या हातात दिला. अच्युतने मागच्या चाकांना विटा लावल्या. अंजनीने दांडा फिरवला. मोटारीची एक बाजू कुरकुरत वर आली, मग दुसरी. अच्युतने साखूच्या लाकडाचे दोन जाड ठोकळे आक्सलखाली सारले आणि जॅक सैल केला.

"बसले का ठोकळे?" अंबादासने विचारलं.

"बसले," अच्युत म्हणाला.

अंबादास गोणपाटावर उताणा झाला. सवयीने त्याचा हात ठोकळ्याकडे गेला, हलवून पाहायला. कालच्या अंबादासने तो तीनदा हलवून पाहिला असता, मग उठून दोघांना बाहेर काढलं असतं, आणि शेवटी काम टाकून दिलं असतं. मनात आलंच, ज्या पोराची मी चारचौघांत लाज काढली तोच ठोकळ्यापाशी बसलाय. त्याने नुसता एक धक्का दिला तर? आणि त्या पोराने द्यावा असं आपण आज काय कमी केलंय?

त्याने वर पाहिलं. अच्युत त्याच्याकडेच बघत होता. त्या नजरेत माफी नव्हती, पण दुसरंही काही नव्हतं. त्याला ठाऊक होतं की अंबादासच्या मनात काय चाललंय. वाट बघत तो तसाच बसून राहिला.

अंबादासने ठोकळ्यावरचा हात काढून घेतला. डोळे मिटले, पाय रेटले आणि मानेपर्यंत, मग छातीपर्यंत मोटारीखाली शिरला. तोंडावर तेलाचा थेंब पडला. बाहेरची फक्त पावलं दिसत होती, अंजनीची जोडव्यांची आणि अच्युतची चपलेतली. दोन्ही ठोकळ्यांना चिकटून रोवलेली होती.

"मधला पाना द्या," तो म्हणाला.

दोघांनीही हात पुढे केला. पाना अच्युतने दिला, आणि अंबादासने चेंबरचा पहिला पेच सोडायला घेतला.